दुपारची परतीची फेरी

१

दोन गावं, दोन्हीकडे एकेक लहानसा विमानतळ आणि मध्ये आडवा पसरलेला डोंगर. रस्त्यानं जायचं तर सकाळी निघालेली बस वळणं घेत घेत दिवेलागणीला पोचायची, आणि पोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाचा राहायचा नाही. विमानानं चाळीस मिनिटं. तेवढ्यात धड जेवणही होत नाही, म्हणून या विमानात जेवण नव्हतंच. पाण्याची छोटी बाटली द्यायची, एक गोळी द्यायची आणि शेवटी ‘आपला प्रवास सुखाचा झाला असेल’ असं माइकवरून म्हणायचं. तो झाला नसेल तर काय, हे कुणी विचारत नसे.

हे म्हणणारी बाई चाळिशीतली होती आणि सगळे तिला ताई म्हणत. कॅप्टन तिच्याहून कितीतरी मोठे, निवृत्तीला टेकलेले, पण तेही ताईच म्हणत. विमान पंख्यांचं, इतकं चिंचोळं की मधल्या वाटेत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी मांडीवर बसावं लागलं असतं. प्रवाशांची उठाठेव करायला ताई एकटीच. सकाळी जाऊन यायचं, दुपारी पुन्हा जाऊन यायचं. शेजारच्या बायका कौतुकानं हवाईसुंदरी म्हणायच्या, तर ती म्हणायची, “सुंदरी कसली डोंबलाची! कंडक्टर आहे मी. फक्त घंटी मारत नाही.”

थकायची मात्र चार कंडक्टरांइतकी. घरी आली की बूट काढायचाही जीव नसायचा. दाराशी ठेवलेल्या स्टुलावर ती पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असायचा आणि उठून तो घट्ट करायला हवा एवढाच विचार डोक्यात असायचा. तोही पुरा व्हायचा नाही.

नवरा वारला तेव्हा चिमी रांगत होती. एकट्या बाईनं अशी नोकरी करायची आणि पोरही सांभाळायचं, हे जमण्यातलं नव्हतं. म्हणून चिमी डोंगरापलीकडच्या गावात आजीकडे वाढली. आता ती सात वर्षांची होती. ताईचं विमान रोज दोनदा त्याच गावात उतरायचं. विमानतळापासून घर सायकलवरून दहा मिनिटांवर. पण आलेले प्रवासी पायऱ्या उतरतायत तोवर नवे रांगेत उभे असायचे. सीटा झाडा, पट्टे सरळ करा, कचरा उचला. दार सोडून जायचं नाही हा नियम. शाळेला सुट्टी असली की आजी चिमीला घेऊन कुंपणाच्या जाळीपाशी उभी राहायची आणि ताई शिडीच्या वरच्या पायरीवरून हात हलवायची. एवढ्या लांबून पोरीच्या फ्रॉकचा रंग तेवढा दिसायचा. रोज पोरीच्या गावात जाऊन तिला न भेटता परत फिरायचं, या गोष्टीनं ताई आतून झिजत चालली होती. ती हात हलवायची आणि दार ओढून घ्यायची.

२

दातांचे डॉक्टर हे ताईचं बुधवारचं गिऱ्हाईक. सकाळच्या विमानानं पलीकडच्या गावात जायचे, तिथल्या दवाखान्यात दिवसभराचे दात बघायचे आणि दुपारच्या परतीच्या फेरीनं यायचे. बोलका माणूस. दाढी कायम गुळगुळीत. “रोग्याच्या तोंडाला तोंड लावून काम करायचं असतं, ताई,” ते म्हणायचे. “आधीच तो घाबरलेला, त्यात आपले खुंट टोचले तर पळून नाही का जायचा?”

एका बुधवारी दुपारी ते विमानात चढले तेव्हा ताईनं त्यांना नीट पाहिलं होतं. पाहिलं होतं कारण त्यांच्या हनुवटीला साबणाचा बारीकसा पांढरा ठिपका राहिला होता आणि सांगावं की नाही अशा विचारात ती पडली होती. शेवटी खुणेनं सांगितलं. डॉक्टरांनी हसून रुमालानं पुसलं.

विमान डोंगराच्या अलीकडे उतरलं. ताई दारात उभी राहून एकेकाला नमस्कार करत होती. डॉक्टर समोर आले, तर त्यांच्या गालांवर पांढरे खुंट होते. सकाळी केलेली दाढी संध्याकाळी थोडी जाणवते, तसे नव्हेत. दोन-तीन दिवस आजारी पडलेल्या माणसाचे असतात तसे.

“बरंय ना डॉक्टर?”

“काय व्हायचंय?” ते म्हणाले आणि गालावरून हात फिरवताना मध्येच थांबले. मग फोन वाजला आणि ते बोलत बोलत उतरून गेले.

ताईनं स्वतःची समजूत घातली. उजेड वेगळा. दुपार उतरणीला लागलेली. आपले डोळे चार उड्डाणांनी शिणलेले. माणसाच्या तोंडाकडे इतकं निरखून बघायचं तरी कशाला?

पण त्या दिवशी सीटा झाडताना तिला आठवलं की उतरण्याआधी कॉकपिटच्या दारामागून आवाज येत होता. बारीक, एकसुरी, माशी बाटलीत अडकावी तसा. तो आवाज ती रोज ऐकत होती आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. कॅप्टन दाढीचं मशीन फिरवत होते.

३

कंपनीला पांढरे केस चालत नसत. रंगाचे पैसे मात्र कंपनी देत नसे. ताई दर पंधरवड्याला स्वतःच हातमोजे घालून केस रंगवायची आणि न्हाणीघराच्या फरशीवरचे डाग घासत बसायची.

रंगवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, पलीकडच्या विमानतळावर तिनं आरशात भांग बघितला. काळाभोर. अलीकडे उतरल्यावर कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या आरशात बघितला, तर भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ होती.

ट्यूबलाइटचा दोष, ती म्हणाली. अलीकडच्या ट्यूबा भगभगीत, पलीकडच्या मेल्या पिवळट. मग तिनं पर्समध्ये स्वतःचा छोटा आरसा ठेवायला सुरुवात केली. आरसा तोच, चेहरा तोच, आणि बघायची जागाही तीच ठेवली, विमानातल्या पडद्यामागची. सकाळच्या फेऱ्यांना काही फरक पडत नव्हता. दुपारी जातानाही नाही. दुपारी परत येतानाच पडायचा. निघताना केस काळे, उतरताना पांढरी रेघ. रंगाची कंपनी बदलून झाली. रेघ काही हटेना, उलट दर आठवड्याला थोडी थोडी रुंद होऊ लागली.

त्या फेरीत मध्ये काय होतं हे आठवायचा तिनं प्रयत्न केला. विमान उडाल्यावर पट्ट्यांचा दिवा विझायचा, ती पाण्याचा ट्रे उचलायची, पडदा बाजूला करायची. त्यानंतरचं आठवायचं ते थेट कॅप्टनचं ‘उतरतोय’. मधलं काहीच नाही. पण तसं तर रोजच्या कुठल्या कामातलं मधलं आठवतं? सकाळी दात घासताना मधला दात कधी घासला हे काय कुणी लक्षात ठेवतं? असं म्हणून तिनं तेही सोडून दिलं.

सोडता आलं नाही ते कोटाचं बटण. वरून तिसरं बटण दोऱ्याला लोंबत होतं. दुपारी निघताना चिमीच्या गावात तिनं ते पाहिलं आणि घरी गेल्यावर लावू म्हणून ठेवलं. उतरल्यावर हात गेला, तर बटण घट्ट बसलेलं होतं. दोरा बटणाच्या मानेभोवती गुंडाळून दातानं तोडलेला. असं ती लावायची. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं. मग तिनं कोट काढून उलटा केला. डाव्या कोपरापाशी अस्तर विरलं होतं आणि तिथं रफू होतं, बारीक टाक्यांचं, सावकाश बसून केलेलं. तो कोट तिथं कधी विरला हेच मुळी तिला माहीत नव्हतं.

ती कोट तसाच हातात घेऊन कॉकपिटच्या दाराशी गेली. दुसरा पायलट, दर महिन्याला बदलणारा, उतरून गेला होता. कॅप्टन एकटेच बसले होते. त्यांनी खिडकीवर फुंकर मारून दाढीचे केस उडवले.

“कॅप्टन, सकाळी दाढी करून आला नव्हता का?”

“आलो होतो.”

“मग?”

कॅप्टननी मशीन डबीत ठेवलं. त्यांचे डोळे असे खोल गेले होते की तिला स्वतःच्याच थकव्याची लाज वाटली. “ताई, घड्याळात किती वाजलेत?” त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

“किती वाजायला हवे होते?”

“तेवढेच.”

“मग झालं तर,” कॅप्टन म्हणाले. “वेळेवर निघालो, चाळीस मिनिटांत पोचलो. माझे थोडेच महिने उरलेत. मला काही विचारू नका. मलाही काही आठवत नाही. फक्त घरी गेलो की बायको म्हणते, कुठून इतके दमून येता हो, डोंगरापलीकडे तर जाता.”

४

आजी न्हाणीघरात घसरून पडली. ताईच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ती दाराशी स्टुलावर बसली होती. भावाचं पलीकडच्या गावात गॅरेज होतं आणि तो कायम वर्कशॉपच्या गोंगाटात बोलल्यासारखा ओरडून बोलायचा.

“खुबा मोडलाय, ताई. डॉक्टर म्हणतात, सहा महिने तरी हलायचं नाही. आईचं मी बघतो. पण चिमीचं कसं? माझी बायको कामावर, मी गॅरेजात. आता पोरीला तू ने.”

ताईला रडू आलं. आईसाठी आलं आणि त्याच रडण्यात आनंदही होता, याची तिला शरम वाटली. शेजारच्या मावशी दिवसभर बघायला तयार होत्या. शाळा दोन गल्ल्या सोडून होती. पोरगी रात्री कुशीत झोपेल. इतकी वर्षं ती हेच मागत होती.

“नेते,” ती म्हणाली. “सोमवारची रजा टाकते. बसनं येते आणि बसनंच घेऊन जाते.”

“बसनं? अगं, दिवसभर खडखडत? तू विमानात नोकरी करतेस ना?”

“तिला विमान लागतं.”

“ती कधी बसलीय विमानात?”

ताईनं पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

“ताई, काय झालंय? नीट बोल.”

काय सांगणार? भांगात पांढरी रेघ येते, म्हणून पोरीला विमानातून आणत नाही? भाऊ दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असता, आणि ते चूक म्हणता आलं नसतं. “घाट बघायचाय तिला,” ती म्हणाली. “कबूल केलंय मी.”

“बरं बाई. तुझं तू बघ,” भाऊ म्हणाला. “पण चाळीस मिनिटांच्या वाटेला पूर्ण दिवस घालवणारी तू एकटीच असशील.”

मग त्यानं फोन चिमीकडे दिला. चिमीचा समोरचा एक दात पडला होता आणि दुसरा हलत होता. हलता दात जिभेनं ढकलत ती बोलत होती, त्यामुळे निम्मं कळत नव्हतं. एवढं कळलं की आजी म्हणते ओढू नको, आपोआप पडू दे.

५

रजा मंजूर झाली. शुक्रवारच्या दुपारी ताईनं ठरवलं, आज परतीच्या फेरीत मध्ये काय होतं ते बघायचं.

दातांच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यात बुधवार सोडून शुक्रवार धरला होता. बाकी नेहमीचेच लोक. एक म्हातारं जोडपं, दोन विक्रेते, शिकायला जाणाऱ्या मुली. लहान मूल एकही नव्हतं. विमान उडालं, पट्ट्यांचा दिवा विझला. ताईनं ट्रे उचलला नाही. ती पडद्यामागं घडीच्या खुर्चीवर बसून राहिली, तळहातात नखं रुतवून, पडद्याच्या शिवणीवर नजर लावून.

आधी पंख्यांची घरघर. मग त्या घरघरीच्या खालून दुसरं काही ऐकू येऊ लागलं. विमानातले आवाज तिला पाठ होते: खोकला, पिशवीची चेन, वर्तमानपत्राची घडी. हे आवाज वेगळे होते. कुणीतरी ओला कपडा पिळून झटकला. कुणीतरी सावकाश केर काढत होतं. एक बाई दुसरीला कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, “आज तुमची पाळी ना पाण्याची?” आणि दुसरी म्हणाली, “करते हो, उठते.” चाळीत दुपारी येतात तसे, माणसं एका जागी राहून राहून एकमेकांना विटली की येतात तसे आवाज.

ताई उठली. पडदा सारला.

सगळे आपापल्या जागी बसलेले होते. पट्टे बांधलेले. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि सगळे समोर बघत होते. मधल्या वाटेतला गालिचा कंपनीनं गेल्याच महिन्यात नवा टाकला होता. तो मधोमध पार झिजून खालचं कापड दिसत होतं, पायवाटेसारखं. आणि त्या झिजलेल्या पट्ट्यावर, पडद्यापासून मागच्या रांगेपर्यंत, ओल्या पावलांचे ठसे होते. ठसे अनवाणी होते. ताईनं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पायांत बूट नव्हते.

“उतरतोय,” कॅप्टनचा आवाज आला.

दारात उभी राहून ती नमस्कार करत होती. बूट पायांत होते. गालिचा नवा होता. पाण्याच्या बाटल्या तिनं वाटल्या नव्हत्या, तरी सगळ्या रिकाम्या होत्या. धुऊन, बुचं लावून, कपाटात ओळीनं ठेवलेल्या.

घरी येऊन ती रडली नाही. तेवढी शक्ती नव्हती. सोमवारी पोरीला रस्त्यानं आणायचं, मग बदली मागायची, नाहीच मिळाली तर नोकरी सोडायची, एवढं तिनं ठरवलं आणि दिवा न मालवता झोपली.

६

शनिवारी दुपारी पलीकडच्या विमानतळावर ती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून प्रवासी मोजत होती. रांगेच्या शेवटी पिवळा फ्रॉक दिसला.

तो रंग तिनं जाळीपलीकडे इतक्यांदा पाहिला होता की आधी तिला वाटलं, आपल्याला भास झाला. मग फ्रॉक पळत पायऱ्या चढून आला आणि तिच्या पोटाला बिलगला.

“मामानं तिकीट काढलं!” चिमी म्हणाली. “आजीला आजच मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत मला जागा नव्हती.”

खालून विमानतळावरचा माणूस ओरडला, “ताई, तुमचे भाऊ घाईत होते, फोन लागत नाही म्हणाले तुमचा. पोरीला तुमच्या हवाली करा म्हणून सांगून गेले.”

फोन नियमाप्रमाणे सकाळपासून बंद होता. ताई पोरीचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. चिमीच्या केसांना तेलाचा वास होता. तीन महिन्यांनी तो वास येत होता.

अजून वेळ होता. मुलीला बरं नाही म्हणून तिला उतरवता आलं असतं. पण उतरवून ठेवायचं कुणाकडे? घराला कुलूप होतं. आपणही उतरायचं? ताईशिवाय विमान उडू शकत नव्हतं. सगळे प्रवासी अडकले असते, नोकरी गेली असती. जाऊ दे नोकरी, असंही तिच्या मनात आलं. ती खरंच तोंड उघडणार होती.

पण पोरीनं मान वर करून विचारलं, “आई, आता मी कायम तुझ्याजवळ ना?” आणि ताईच्या मनात एक चोरटा विचार शिरला. वेळ जास्त लागतोय ना? मग लागू दे. पोर जवळ तर असेल.

तो विचार तिनं लगेच झटकला. पण दारही तिनंच ओढून घेतलं.

चिमीला तिनं पहिल्या रांगेत, आपल्या घडीच्या खुर्चीच्या अगदी समोर बसवलं. वाटेच्या पलीकडच्या सीटवर दातांचे डॉक्टर होते. या आठवड्यात त्यांची दुसरी खेप.

“बघू गं तोंड,” ते म्हणाले. “वा! एक गेलाय आणि एक निघालाय. घाबरू नकोस, नवे येतील. सावकाश येतील, पण छान येतील.”

विमान उडालं. ताईनं ठरवलं, डोळा लागू द्यायचा नाही. ट्रे उचलायचा नाही, पडदा ओढायचा नाही, पोरीवरून नजर काढायची नाही. चिमी खिडकीतून डोंगर बघत होती आणि हलता दात जिभेनं ढकलत होती.

“किती वेळ लागतो गं?”

“चाळीसच मिनिटं.” ताईनं पुढे वाकून तिचा हात घट्ट धरला. “तू माझ्याशी बोलत राहा. काहीही बोल. थांबू नकोस.”

“काय बोलू?”

“पाढे म्हण.”

चिमीनं पाढे म्हणायला सुरुवात केली. पट्ट्यांचा दिवा विझला.

७

“उतरतोय,” कॅप्टनचा आवाज आला.

ताईच्या हातात हात होता. तिचं पहिलं लक्ष त्या हाताकडे गेलं, कारण तो आता तिच्या मुठीत मावत नव्हता. बोटं लांब होती. नखं नीट कापलेली होती.

“आई,” समोरची मुलगी म्हणाली, “आज खरंच उतरायचं?”

आवाजही खाली उतरलेला होता. ताईनं वर पाहिलं. चिमीचाच चेहरा होता, गालांची गोलाई गेलेला. दोन घट्ट वेण्या खांद्यावरून पुढे आल्या होत्या. अंगात तोच पिवळा फ्रॉक होता, विटून पांढुरका झालेला. त्याच्या घेराला खाली निळ्या कापडाची पट्टी जोडली होती, आणि तिच्याखाली आणखी एक. सीटांचं कापड. बारीक टाके, सावकाश बसून घातलेले. तरीही फ्रॉक गुडघ्याच्या वरच होता.

चाकं टेकली. विमान हादरलं. मुलगी दोन्ही हातांनी सीट धरून बसली. आयुष्यात कधी हादरा बसलाच नसावा तसे तिचे डोळे विस्फारले. मग तिला कळलं, आणि ती हसली. दात सगळे आले होते. छान आले होते.

“चिमे,” ताई म्हणाली.

“तुला नाही ना काही आठवत?” मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. “तू म्हणाली होतीस मला. उतरल्यावर मी विसरेन, पण तू घाबरू नकोस. म्हणून मी सगळं लक्षात ठेवलंय. घरी गेल्यावर सांगीन. पण आधी तू झोप. तू झोपलीच नाहीस, आई. सगळे झोपायचे, तू बसून राहायचीस, माझा हात धरून.”

दार उघडलं. बाहेर तीच दुपार होती, उतरणीला लागलेली. प्रवासी उठले, फोन चालू केले, ज्याला त्याला घाई. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. दातांचे डॉक्टर उठले, तशी मुलगी म्हणाली, “येते हं काका,” शेजारच्या घरातल्या माणसाला म्हणावं तसं. डॉक्टरांनी तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि तोंडाला रुमाल लावून ते खाली उतरले. मुलीचा चेहरा पडला.

खाली उभ्या असलेल्या इथल्या विमानतळाच्या माणसानं हातातला आकडा पाहिला आणि अंगठा वर केला. प्रवासी बरोबर होते, वेळ बरोबर होती.

ताई खाली आली ती मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन. तिचे गुडघे वळत नव्हते. काचेच्या दारात तिला एक पार पिकलेल्या केसांची बाई दिसली आणि ती बाजूला झाली, बाईला वाट द्यायला. मग पुन्हा पुढे झाली. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, सगळंच्या सगळं, आणि त्यातला एक दिवसही तिच्यापाशी नव्हता. पोरीचा तो हलता दात कधी पडला, रडली का, कुठं ठेवला, काहीही नाही. तिला हंबरडा फोडावासा वाटला. पण मुलगी उजेडाकडे डोळे किलकिले करून बघत होती, गवताकडे, लांबच्या माणसांकडे, आणि तिला घाबरवायचं नव्हतं.

फोन चालू करताच वाजला.

“पोचलात ना?” भाऊ ओरडला. “बघ, चाळीस मिनिटं! आणि तू बस बस करत होतीस. आईचा एक्स-रे झाला, बरीय ती. चिमीशी बोलायचंय म्हणून डोकं खाल्लंय तिनं माझं. दे चिमीला.”

ताईनं फोन पुढे केला. मुलीनं तो आधी उलटा धरला, मग सरळ केला. पलीकडून म्हातारा, दमलेला, लाडाचा आवाज इतका मोठ्यानं आला की ताईलाही ऐकू आला.

“काय गं चिमे, पडला का तो दात? ओढला नाहीस ना?”

मुलीचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं फोनवर तळहात झाकला आणि आईकडे वळून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाली,

“आई, आजी आहे अजून. तू तर म्हणाली होतीस, आता नसेल.”